चिंचेवरचे बगळे

माझं माहेर अंबड तालुक्यातलंच, गोदावरीच्या काठचं एक गाव. गावाच्या कडेला आमचं कब्रस्तान आहे आणि कब्रस्तानात दोन मोठ्या चिंचा आहेत. किती जुन्या, ते कुणालाच माहीत नाही. अब्बा आता पंचाहत्तरीला आले. त्यांच्या लहानपणीही त्या एवढ्याच होत्या म्हणतात. माझी अम्मी त्यातल्या पूर्वेकडच्या चिंचेखाली दफन आहे. म्हणून जे लिहितेय ते तटस्थपणे लिहिणं मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

गेल्या पावसाळ्यात, बकरी ईद होऊन महिना झाला असेल, भावाचा फोन आला. कब्रस्तानच्या कमिटीची बैठक झाली होती. चिंचांवर बगळ्यांनी वस्ती केली होती. खाली कबरींवर पांढरा सडा पडत होता, पाऊस उघडला की वास सुटत होता, आणि जनाजाच्या नमाजला जिथं सफ लागतात नेमकी तिथंच वरून घाण पडत होती. एका मय्यतीला तर चारपाच जणांचे कपडे खराब झाले. तेव्हा फांद्या छाटून टाकायच्या असं ठरलं. लाकूडवाला ठरला, वारही ठरला. कमिटीत अब्बा आहेत आणि त्यांनीही हो म्हटलं होतं.

फोन मी स्पीकरवर ठेवला होता. माझी थोरली औरंगाबादला बी.एस्सी. करते, प्राणिशास्त्र घेऊन. दोन दिवसांसाठी घरी आली होती. ती हातातलं ताट ठेवून उठली. "अम्मी, आत्ता घरट्यांत पिल्लं असतील!" आणि मी काही म्हणायच्या आत तिनं फोन घेतला, मामूला सांगून नानांना बोलावून घेतलं आणि सुरू झाली. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अंडी फोडणं, घरटी मोडणं हे शिकारीतच धरलंय, त्याला शिक्षा आहे, वगैरे. पलीकडं शांतता. मग अब्बांचा आवाज, नेहमीपेक्षा हळू.

"अब नाना कू जेल भेजती क्या बेटा?"

फोन बंद झाला. पोरगी रडकुंडीला आली. तिचं म्हणणं खरं होतं, पण आमच्या घरात अब्बांशी आजवर कुणी कायद्याच्या भाषेत बोललं नव्हतं. आणि पहिल्यांदा बोलली ती नात.

रात्री तिनं कॉलेजातल्या आपल्या सरांना फोन लावला. मला वाटलं, सर वनखात्याचा नंबर देतील. सरांनी विचारलं, घरटी किती आहेत? बगळे कोणकोणते? पिल्लं उडायला किती दिवस आहेत? हिला एकाचंही उत्तर देता येईना. "मग तू कशाच्या जोरावर भांडलीस?" सर म्हणाले. "आधी जा, मोज. आणि नानांना विचार, त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत असेल." आणि त्यांनी तिला भरतपूरची हकीकत सांगितली.

ती मलाही नवीन होती. राजस्थानातलं भरतपूरचं केवलादेव हे पाणपक्ष्यांचं जगप्रसिद्ध ठिकाण. आसपासच्या खेड्यांतल्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या तिथं चरायच्या. चराईनं पक्ष्यांचं नुकसान होतं असं तज्ज्ञांचं मत पडलं, आणि त्या तज्ज्ञांत खुद्द डॉ. सलीम अली होते. राष्ट्रीय उद्यान जाहीर झाल्यावर १९८२ साली चराई बंद झाली. गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. इकडे म्हशी गेल्यावर पाण्यात गवत इतकं माजलं की बदकांना पोहायला मोकळं पाणी राहीना. हे शोधून काढलं कुणी? सलीम अलींच्याच संस्थेनं, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं. तिच्या संशोधकांनी तिथं दहा वर्षं मुक्काम ठोकून मोजमाप केलं आणि लिहून दिलं की म्हशींची चराई त्या तळ्याच्या फायद्याचीच होती.

विद्वानांची चूक विद्वानांनीच मोजून दाखवली, हे मला फार आवडलं. पण मेलेली माणसं परत आली नाहीत, हेही मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी शाळेत रजा टाकून मी तिच्याबरोबर एस.टी.नं निघाले. अंबड सोडलं की रस्ता जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या मुलुखातून जातो. मोसंबीच्या बागा, कपाशी, ऊस. खिडकीतून बघताना मला आमच्या शाळेतला पक्षी सप्ताह आठवत होता. ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारीख अरण्यऋषी मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसाची, १२ तारीख सलीम अलींच्या. दरवर्षी या आठवड्यात मी वर्गात सलीम अलींवर बोलते. सुरुवातीला विचारते, सलीम अली कोण? हमखास उत्तर येतं, "मॅडम, औरंगाबादचं तळं!" दिल्ली गेटजवळचा तो जुना खिजरी तलाव आज सलीम अली सरोवर म्हणून ओळखला जातो. पोरांचं चुकत नाही.

मग मी त्यांना चिमणीची गोष्ट सांगते. सलीम मोईजुद्दीन अब्दुल अली १८९६ साली मुंबईत जन्मले. दहा भावंडांत सगळ्यात धाकटे. वर्षाचे असताना बाप गेला, तीन वर्षांचे असताना आई. मामू अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी वाढवलं. हातात छऱ्याची बंदूक आली आणि पोरगं चिमण्या मारायला लागलं. एक दिवस पडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या चिमणीला तो नसतो. मग ही खाणं मुसलमानाला चालतं का, असा त्या पोराला प्रश्न पडला आणि चिमणी घेऊन ते मामूकडं गेलं. मामूंना ठाऊक नव्हतं. पण त्यांनी "चल, फेकून दे" म्हटलं नाही. ते नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. चिठ्ठी देऊन त्यांनी पोराला सोसायटीचे सचिव मिलार्ड साहेब यांच्याकडं पाठवलं. साहेबांनी कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी ओळीनं दाखवले. तिथून सगळं सुरू झालं. या गोष्टीत मला नेहमी मामूच मोठे वाटतात. मुलाचा प्रश्न आपल्याला सुटत नसेल तर ज्याला सुटतो त्याच्या दारापर्यंत त्याला पोचवायचं, एवढंच त्यांनी केलं.

आणखी एक गोष्ट मी मोठ्या वर्गांना सांगते. सलीम अलींकडं विद्यापीठाची रीतसर पदवी नव्हती. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या धंद्यावर गेले. परत आल्यावर सेंट झेवियर कॉलेजात फादर ब्लॅटर यांच्या आग्रहावरून प्राणिशास्त्र शिकले, पण पदवी नव्हती म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात जागा मिळाली नाही. मग बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेसमान या मोठ्या पक्षिशास्त्रज्ञाकडं शिकले. १९३० मध्ये परत आले तर मुंबईच्या म्युझियममधली हातातली नोकरीही गेलेली. अलिबागजवळ किहीमला घरचं लहानसं घर होतं. तिथं जवळच सुगरणींची वसाहत होती. नोकरी नसलेला हा माणूस ती घरटी दिवसच्या दिवस बघत बसला. त्यातून कळलं की घरटं विणतो तो नर. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो. हे सांगितल्यावर मुलांच्या रांगेत हमखास खसखस पिकते.

पुढं १९३१-३२ साली त्यांनी निजामाच्या हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांचं सर्वेक्षण केलं. आपला अंबड तालुका त्या वेळी त्याच संस्थानात होता. बेगम तहमीना त्यांच्याबरोबर रानोमाळ तंबूत राहिल्या. आणि १९५७ च्या सुमारास मुंबई विद्यापीठानं या सोसायटीला पक्षिशास्त्रात एम.एस्सी., पीएच.डी. करण्याचं केंद्र म्हणून मान्यता दिली. ज्याला पदवी नव्हती तो पदव्यांचा मार्गदर्शक झाला. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांनी पुन्हा सुगरणच घेतली, आणि तो अभ्यास मुंबई विद्यापीठानं १९६४ साली पुस्तकरूपानं छापला. अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं सलीम अलींना मानद डॉक्टरेट दिली ती १९५८ साली.

हे सगळं मी इतक्या वर्षांत कितीदा तरी सांगितलंय. आणि माझ्याच माहेरच्या कब्रस्तानातल्या पक्ष्याचं नाव विचारलं असतं तर मी नुसतं "बगळा" म्हटलं असतं.

गावात पोचलो. अब्बा ओसरीवर होते. सलामाला उत्तर दिलं, नातीकडं बघितलं नाही. तिनं कायद्याचं नाव काढलं नाही. एवढंच म्हणाली, "नाना, कापायच्या आधी मला चार दिवस मोजू द्या." अब्बांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

आमच्याकडं बायका कब्रस्तानात जात नाहीत. म्हणून ती भिंतीबाहेर भावाच्या कपाशीच्या बांधावर बसली, डोक्यावर पोत्याची घोंगती, हातात कॉलेजातून आणलेली दुर्बीण आणि वही. मीही तिच्याशेजारी बसले. अम्मी गेल्यापासून त्या चिंचेकडं इतका वेळ मी कधी बघितलं नव्हतं. दुर्बिणीतून एकेक घरटं दिसायला लागलं. बगळा पांढराशुभ्र असतो असंच आपण धरून चालतो, पण विणीच्या दिवसांत गायबगळ्याच्या डोक्यावर, मानेवर, पाठीवर केशरी रंग चढतो. मधूनच ढोकरी. तीही बगळ्यांतलीच. बसली की मातकट, उडाली की पंख एकदम पांढरे. काही घरट्यांत नुसती अंडी, काहींत केसाळ पिल्लं चोच वासून ओरडताहेत.

पण बाहेरून आतल्या फांद्या दिसेनात. आणि झाडाखाली कवचं किती, पडलेली पिल्लं किती, हे बघितल्याशिवाय सरांना सांगणार काय? दुसऱ्या दिवशी फजरची नमाज झाल्यावर अब्बा कब्रस्तानात गेले. अम्मीसाठी फातिहा पढायला ते रोजच जातात. परत आले तेव्हा मुठीत फिकट निळसर कवचाचे तुकडे होते. ते त्यांनी नातीच्या वहीवर ठेवले आणि चहा मागितला. बोलले काही नाही.

तिसऱ्या दिवसापासून आतली मोजणी नानांकडं आणि बाहेरची नातीकडं अशी वाटणी झाली. आकडा ठरला: एकसष्ट घरटी. गायबगळ्यांची चव्वेचाळीस, ढोकरीची सतरा.

आणि मग अब्बा बोलायला लागले. बाहत्तरच्या दुष्काळात बगळे आलेच नव्हते. पाऊस नाही तर टोळ नाही, बेडूक नाही, मग पिल्लांना काय घालणार? पूर्वी त्यांची वस्ती कब्रस्तानात नव्हतीच. नदीच्या वळणावर एक वड आणि बाभळींचं रान होतं, तिथं होती. बाभळी २००६ च्या पुरात गेल्या, वड रस्ता रुंद करताना गेला. मग गावात मोठी झाडं उरली ती दोनच. "उनकू भी येईच जगा बची," अब्बा म्हणाले. आणि औताच्या मागं चालणारा बगळा दिवसभर अळ्या-टोळ वेचतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते त्यांनी पन्नास वर्षं औत धरून बघितलं होतं. पोरगी भराभर लिहून घेत होती. यातलं काहीच तिच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

इथं मला माझ्या क्षेत्राबद्दल थोडं कडू बोलायचंय. १९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं पर्यावरण हा विषय शाळा-कॉलेजांत सक्तीनं शिकवा म्हणून सांगितलं. आज सगळीकडं तो विषय आहे आणि पर्यावरण प्रकल्पही आहे. प्रकल्प म्हणजे काय, तर बाजारात तयार पुस्तिका मिळते, मुलं ती सुवाच्य अक्षरात उतरवून आणतात, वरून मोराचं चित्र चिकटवतात आणि आम्ही गुण देतो. मीही दिलेत. विद्यापीठात याचंच मोठं भावंड आहे: काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा प्रबंध. बहुतेक इंग्रजीत. ज्या तळ्यावर, ज्या माळावर तो लिहिला तिथल्या माणसाला त्यातलं एक पानही कुणी वाचून दाखवत नाही. मग उद्या तिथलं झाड कापायला निघाल्यावर त्या माणसाकडं थांबण्याचं कारण काय असणार? या सोसायटीची स्थापना १८८३ साली मुंबईत आठ जणांनी केली. सहा इंग्रज आणि दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. म्हणजे सुरुवातीपासून मराठी माणूस तिथं हजर आहे. तरी तिथली माहिती मराठीत, उर्दूत आमच्या गावापर्यंत यायला मधे कुणीतरी लागतं. यावेळी ते काम रात्री दहा वाजता विद्यार्थिनीचा फोन उचलणाऱ्या एका सरांनी केलं.

जुम्याच्या नमाजनंतर कमिटी पुन्हा बसली. आम्ही अर्थातच घरी होतो. अब्बा नातीची वही घेऊन गेले. मग भावानं सांगितलं ते असं: अब्बांनी कायद्याचा शब्दही काढला नाही. आकडे वाचले. अंडी-पिल्लं किती, कुठल्या फांदीवर, उडायला अजून किती दिवस. सप्टेंबर सरेपर्यंत वस्ती रिकामी होईल, मग दिवाळीनंतर वाळक्या फांद्या काढू, पूर्वी आपण तेव्हाच काढायचो, असं म्हणाले. तोवर जनाजाच्या सफ चिंचेपासून दूर, पश्चिमेच्या भिंतीकडच्या मोकळ्या जागेत लावायच्या. तिथं काटेरी झुडपं होती, ती पोरांनी साफ करायची. मौलाना साहेबांनी साथ दिली. कुरआनात पाखरांनाही तुमच्यासारख्याच उम्मती म्हटलंय, याची त्यांनी आठवण करून दिली.

सगळे खुश झाले असं नाही. "पाखरांसाठी मय्यत सरकवायची का?" असं एकानं विचारलं आणि ते गृहस्थ आजही अब्बांशी नीट बोलत नाहीत. त्यांचं दुःख खोटं नाही. त्यांच्या तरुण मुलाची कबर चिंचेखालीच आहे आणि ते दर दोन दिवसांनी ती धुतात. बगळ्यांची बाजू घेताना मला हे विसरता येत नाही.

लाकूडवाल्याला निरोप गेला. ऑगस्टमध्ये एकदा मोठं वादळ झालं, सात घरटी पडली. बाकीची राहिली.

आता घरात वेगळाच विषय निघालाय. थोरलीला एम.एस्सी. करायचंय ते वन्यजीवशास्त्रात, आणि तेही अलीगढला, तिथं त्याचा स्वतंत्र विभाग आहे. तिचे वडील म्हणतात, बी.एड. कर, आईसारखी नोकरी लाग. सासूबाई म्हणतात, पाखरं मोजायला पोरीला एवढ्या लांब कोण धाडतं? मी मधे आहे. सलीम अलींचं नाव आम्ही मुसलमान किती अभिमानानं घेतो, मीच दरवर्षी घेते. पण त्या वाटेनं आपली मुलगी निघाली की पगार किती आणि लग्नाचं काय, हे माझ्याही मनात आधी येतं. अब्बांना विचारलं. ते म्हणाले, "नोकरी मिलती क्या उसमें?" मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तेच म्हणाले, "सलीम अली कू भी नै मिली थी ना?" हे त्यांना नातीनं बांधावर बसून सांगितलेलं.

अर्ज भरायला अजून वेळ आहे. त्याआधी सरांनी त्या चिंचांचा सगळा हिशोब लिहून मागितलाय. थोरली गेल्यावर अब्बांनी स्वतःची वही घातली होती. रोज फजरनंतर कब्रस्तानात जे दिसलं ते लिहायचं, तारखेसह. पण अब्बा निजामी राजवटीनंतरच्या पहिल्या पिढीतले, उर्दू शाळेत शिकलेले. अक्षर घसटतं उर्दू. थोरली मराठी माध्यमातली, तिला ते वाचता येत नाही. म्हणून रात्री पेपर तपासून झाले की मी ती वही मराठीत उतरवून देते. काल एका शब्दापाशी अडले. पानोपानी दोन पक्षी आहेत, एक "बगला" आणि एक "अंधा बगला". आंधळा बगळा कुठला आला? फोन केला तर अब्बा हसले. ढोकरीला ते लोक अंधा बगलाच म्हणायचे. पाण्याकाठी डोळे मिटल्यासारखी निश्चल बसते, अगदी जवळ जावं तेव्हा उडते. मी खोडून ढोकरी लिहिलं. मग वाटलं, सरांना हेही नाव कळू द्यावं, आणि शेजारी कंसात अब्बांचा शब्दही ठेवला.